स्पोर्ट की कम्फर्ट? ताकदवान गाडीचे ड्राइव्ह मोड आणि गिअरबॉक्स: पुण्यातले चालक नेहमी विचारतात ते प्रश्न

चारशे हॉर्सपॉवरची गाडी बाणेरच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२० पासून तर मर्सिडीजची एएमजी आपल्या चाकणमध्येच जोडली जाते आहे. गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये स्क्रीनवरचे मोड भराभर दाखवले जातात. घरी आल्यावर माणूस एक तर जन्मभर कम्फर्टमध्ये चालवतो, नाही तर पहिल्याच रविवारी सगळं स्पोर्ट प्लसवर टाकून सिंहगडाकडे निघतो. दोन्ही प्रकारांत गाडीचा बराचसा गुण वाया जातो, आणि दुसऱ्या प्रकारात धोकाही असतो. मोडची नावं कंपनीगणिक वेगळी असतात, यंत्रणा मात्र बहुतेक सारखीच. गाडीचं मॅन्युअल शेजारी ठेवून वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

मोडचं बटण फिरवलं की गाडीत नेमकं काय बदलतं?

एका बटणामागे पाच-सहा स्वतंत्र यंत्रणा असतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन किती तातडीने उचल घेतं, गिअरबॉक्स किती आरपीएमला गिअर बदलतो, स्टिअरिंग किती जड लागतं, शॉकअब्सॉर्बर किती कडक होतात, सायलेन्सरमधली झडप उघडी राहते की बंद, आणि गाडी घसरू लागली तर ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) किती लवकर मध्ये पडते, हे सगळं त्या एका बटणाने ठरतं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधली ताकदीची वाटणीही बदलू शकते.

कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस ही कंपनीने आधीच बांधून ठेवलेली पॅकेजं आहेत. जर्मन गाड्यांची पॅकेजं जर्मनीतल्या रस्त्यांवर आणि न्यूर्बर्गरिंगसारख्या ट्रॅकवर घडतात. तिथे डांबर एकसंध असतं, त्यामुळे इंजिन तल्लख आणि सस्पेन्शन कडक हे दोन्ही एकदम केलं तरी निभावतं. आपल्याकडे या दोन गोष्टींची फारकत करावी लागते. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथे आहे.

स्पोर्ट मोडमध्ये पॉवर वाढते का?

बहुतेक गाड्यांत नाही. ॲक्सिलरेटरचं पॅडल तळापर्यंत दाबलं तर इंजिन कम्फर्टमध्येही तेवढीच पॉवर देतं. फरक पडतो तो अर्ध्या-पाव पॅडलवर. स्पोर्टमध्ये थोडंसं दाबलं तरी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बरंच उघडतं आणि गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो, म्हणून पिकअप वाढल्यासारखा वाटतो. उलट बाजूला, पावसाच्या किंवा निसरड्या रस्त्याच्या मोडमध्ये काही गाड्या पॉवर खरोखरच कमी करतात.

पोर्शच्या स्पोर्ट क्रोनो असलेल्या गाड्यांत स्टिअरिंगवरच्या डायलच्या मधोमध एक बटण असतं. ते दाबलं की वीस सेकंद इंजिन आणि गिअरबॉक्स सर्वांत तत्पर अवस्थेत जातात, मग गाडी आपोआप पूर्ववत होते. एखादा लांब कंटेनर ओलांडायचा असेल तेव्हा हे बटण फार उपयोगी पडतं. त्यासाठी सगळी गाडी स्पोर्ट प्लसवर टाकायची गरज नाही.

मग पुण्यात रोज चालवायला कोणतं सेटिंग ठेवावं?

'इंडिव्हिज्युअल' मोड उघडा आणि प्रत्येक गोष्ट वेगवेगळी ठरवा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत स्टिअरिंगवर एम१ आणि एम२ अशी दोन बटणं असतात, ऑडीच्या आरएसमध्ये आरएस१ आणि आरएस२. तिथे दोन वेगळी सेटिंग कायमची साठवता येतात. ही सोय असेल तर पहिल्याच आठवड्यात वापरात आणा.

शहरासाठी माझं मत स्पष्ट आहे. इंजिन कम्फर्टमध्ये, गिअरबॉक्स साध्या डीमध्ये, स्टिअरिंग हलकं, सस्पेन्शन सर्वांत मऊ, सायलेन्सरची झडप बंद आणि ईएससी पूर्ण चालू. कर्वे रोडला किंवा लक्ष्मी रोडला स्पोर्ट थ्रॉटल लावलं तर पायाच्या एका बोटाने गाडी हिसका मारते. समोर दुचाकी, बाजूला रिक्षा आणि मधूनच रस्ता ओलांडणारी आजी असताना पॅडल जितकं संथ, तितकं चालकाचं नियंत्रण बारीक.

दुसरं सेटिंग घाटासाठी आणि मोकळ्या रस्त्यासाठी ठेवा: इंजिन स्पोर्ट, गिअरबॉक्स स्पोर्ट किंवा मॅन्युअल, स्टिअरिंग हाताला बरं वाटेल तसं, सस्पेन्शन मात्र तरीही मऊ, आणि ईएससी तरीही पूर्ण चालू.

एक लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्या बंद करून पुन्हा सुरू केल्या की आपोआप कम्फर्टवर येतात. लोणावळ्याला चहा घेऊन निघालात की आधी स्क्रीनवर मोड कोणता आहे ते बघा. चालता चालता, वळणाच्या तोंडावर अचानक 'आपण कोणत्या मोडमध्ये आहोत?' हा प्रश्न पडू नये.

सस्पेन्शन कडक केलं की पकड वाढते ना?

गुळगुळीत ट्रॅकवर वाढल्यासारखी वाटते, कारण गाडी कमी झुकते आणि स्टिअरिंगला चटकन वळते. खडबडीत रस्त्यावर उलटं होतं. टायर जमिनीला चिकटलेला असेल तेवढीच पकड. कडक शॉकअब्सॉर्बर चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाहीत, उंचवट्यावर ते चाकाला वर फेकतात आणि क्षणभर टायरखाली हवा राहते. नेमकं त्या क्षणी ब्रेक दाबला असेल तर एबीएस लवकर सुरू होतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

मुळशीकडे जाताना, भोरहून वरंध घाटाकडे जाताना किंवा पावसाळ्यानंतरच्या कुठल्याही जिल्हा मार्गावर हे हाताला आणि पाठीला दोन्हीकडे कळतं. एकच वळण आधी कडक आणि मग मऊ सस्पेन्शनवर, त्याच बेताच्या वेगात घेऊन पाहा. मऊ असताना गाडी जास्त झुकते, पण तिची ओळ सुटत नाही. झुकण्याला घाबरू नका. गाडीचं वजन बाहेरच्या टायरवर शांतपणे जातं आहे एवढाच त्याचा अर्थ.

रस्ता खरोखर सपाट असेल, म्हणजे नव्याने केलेलं काँक्रीट किंवा ताजं डांबर, तर मधली पायरी लावून बघायला हरकत नाही. सर्वांत कडक पायरीला महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रस्त्यांवर मला तरी जागा दिसत नाही.

स्पीडब्रेकरला गाडी खाली घासते. मोड बदलून उंची वाढते का?

एअर सस्पेन्शन असेल तर वाढते, आणि त्याच गाड्या स्पोर्टमध्ये खालीही बसतात. म्हणून सोसायटीच्या फाटकापाशी स्पोर्ट काढून टाका. साध्या स्प्रिंगच्या गाडीत मोडने उंचीत फरक पडत नाही, तिथे तिरकं आणि सावकाश घेणं हाच मार्ग. काही गाड्यांना फक्त नाक उचलण्याची सोय असते. पोर्शच्या नव्या ९११ मध्ये ती जागा जीपीएसने लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी स्वतःच नाक उचलते.

डी, एस आणि एम यांत काय निवडायचं?

डीमध्ये गिअरबॉक्स शक्य तितक्या लवकर वरच्या गिअरला जातो. साठच्या वेगाला सहावा-सातवा गिअर पडलेला असतो आणि इंजिन अगदी कमी आरपीएमवर असतं. पेट्रोल वाचतं, आवाज नसतो. पण जोर हवा असेल तर आधी दोन-तीन गिअर खाली यावे लागतात आणि मग टर्बोचा दाब तयार व्हावा लागतो. ओव्हरटेकच्या वेळी जो थांबा जाणवतो तो यामुळे.

एसमध्ये, म्हणजे स्पोर्टमध्ये, इंजिन वरच्या आरपीएमवर ठेवलं जातं आणि ब्रेक दाबला की गिअरबॉक्स आपणहून खाली येतो. घाटात चढताना हे सुखाचं असतं. शहरात मात्र गाडी उगाच ओरडत राहते.

एम म्हणजे मॅन्युअल, निर्णय तुमचा. आता दोन बारकावे. काही गाड्यांत एममध्येही आरपीएम लाल रेषेपर्यंत गेला की गिअर आपोआप वर पडतो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत मॅन्युअलमध्ये तसं होत नाही, इंजिन लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटत राहतं. ओव्हरटेकच्या ऐन मध्यावर असं झालं तर गाडीचा जोर एकदम तुटतो, त्यामुळे आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवा. दुसरं, खालचा गिअर मागितला आणि त्याने इंजिन मर्यादेबाहेर फिरणार असेल तर गिअरबॉक्स तो नाकारतो. स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल बिघडलेलं नसतं, गाडी स्वतःला वाचवत असते. अशा वेळी आधी ब्रेक, मग पुन्हा पॅडल.

डीमध्ये असतानाही स्टिअरिंगमागचं पॅडल ओढता येतं. गाडी काही काळ तुमचा गिअर धरते आणि मग परत डीवर जाते. फोक्सवॅगन-ऑडी घराण्यातल्या गाड्यांत उजवं पॅडल दाबून धरलं की लगेच डी परत येतो. रोजच्या वापरात मला हीच पद्धत सर्वांत पटते: गाडी डीमध्ये, आणि गरज पडली तेवढ्यापुरतं पॅडल.

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डीसीटी खराब होतो का?

कोणता डीसीटी त्यावर अवलंबून आहे. डीसीटीमध्ये, म्हणजे ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये, दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदल इतका झटपट होतो. पण गाडी रांगत असते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो आणि घासून तापतो. साध्या गिअरच्या गाडीत हाफ क्लचवर चालवण्यासारखंच हे आहे.

चाकणला बनणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या दीड लिटर इंजिनाबरोबर येणारा सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगन घराण्याचा डीसीटी) कोरड्या क्लचचा आहे. त्याला रांगतं ट्रॅफिक जास्त सोसावं लागतं. गोल्फ जीटीआय किंवा ऑक्टाव्हिया आरएसमधला डीएसजी ओल्या क्लचचा, म्हणजे तेलात फिरणारा. तेल उष्णता वाहून नेतं. बीएमडब्ल्यूच्या हल्लीच्या बहुतेक ताकदवान गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून जोर पोहोचवणारा) गिअरबॉक्स असतो. रांगण्याच्या बाबतीत तो सर्वांत सोशिक. एएमजीच्या मोठ्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर काढून त्या जागी तेलातला क्लच बसवलेला असतो. त्यामुळे सिग्नलवरून गाडी झपकन सुटते, पण अगदी संथ चालताना किंचित गचके देते.

उपाय सोपा आहे. पुढच्या गाडीबरोबर इंच-इंच सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून एकदाच पुढे जा आणि पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. स्पोर्ट मोड इथे अजिबात नको. चढावर, उदाहरणार्थ उड्डाणपुलाच्या तोंडाशी, ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ऑटो होल्ड लावा किंवा ब्रेक दाबा. क्लच तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन पीमध्ये थांबा.

सिग्नलला एन करावं का?

गरज नाही. ब्रेक दाबून थांबलात की डीसीटीचा क्लच सुटलेलाच असतो, झीज होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरही दोन-तीन मिनिटं डीमध्ये थांबायला केलेला आहे. दर सिग्नलला एन-डी, एन-डी करण्याने काही वाचत नाही.

घाट उतरताना कोणता मोड, कोणता गिअर?

या प्रश्नाचं उत्तर मी सर्वांत आग्रहाने देतो, कारण चढताना झालेल्या चुकीला वेळ मिळतो, उतरताना मिळत नाही.

इको मोड घाट उतरताना कधीही नको. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत इकोमध्ये पाय उचलला की गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. सपाट हायवेवर त्याने पेट्रोल वाचतं. पसरणी घाटात पाचगणीहून वाईकडे उतरताना त्याचा अर्थ असा की सगळा भार ब्रेकवर. या गाड्यांचं वजन बहुधा दीड टनाच्या वर, पुष्कळदा दोन टनांच्या आसपास असतं. सतत ब्रेक दाबून ते तापले की पॅडची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून ब्रेकचं पॅडल मऊ पडतं आणि खाली जातं.

म्हणून एममध्ये जा आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. आरपीएम तीन-साडेतीन हजारांवर गेला तरी इंजिनाला काही होत नाही. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरावं, हा जुन्या चालकांचा नियम आजही उत्तम आहे. ताकदवान टर्बो गाडी वरच्या गिअरमध्येही चढून जाते, म्हणून तिच्या बाबतीत आणखी एक गिअर खाली घ्यावा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत आणि ठामपणे दाबायचा, मग सोडायचा. हलकासा सतत दाबून ठेवायचा नाही.

न्यूट्रलमध्ये उतरण्याबद्दल. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने किती जीव घेतले ते पुणेकरांना सांगायला नको. अवजड वाहनं डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडली जातात आणि खाली ब्रेक लागत नाहीत, हे तिथल्या अपघातांचं वारंवार पुढे आलेलं कारण आहे. मुळात बचतीचा तो हिशेबच चुकतो. आजचं इंजिन गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी त्याला इंधन लागतंच. त्या उतारावर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असा, डावी-उजवीकडे जागा ठेवा आणि आरशात मागच्या ट्रककडे लक्ष असू द्या.

घाट संपल्यावर लगेच थांबून ब्रेक दाबून उभे राहू नका. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबला गेला तर तिथे थर बसतो आणि नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. दोन-चार किलोमीटर सावकाश चालवा, मग थांबा.

आणि चढताना?

इंजिन स्पोर्ट, गिअरबॉक्स एस. डीमध्ये ठेवलं तर गिअरबॉक्स प्रत्येक वळणाआधी वर आणि वळणानंतर खाली जात राहतो. दिवे घाटासारख्या वर्दळीच्या चढावर ट्रकमागे अडकलात तर मात्र परत डी. वर पोहोचून गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला तर घाबरू नका. टर्बो आणि रेडिएटर थंड करायला तो फिरतो. शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर शांत चालवलं तर त्यालाही कमी काम पडतं.

पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, मग काळजी नाही ना?

आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह निघताना आणि वळणातून बाहेर पडताना मदत करते. थांबताना तिचा उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. वळणात किती वेग झेपेल हे टायर ठरवतो.

रेन किंवा वेट मोड असेल तर तो लावा. नसेल तर कम्फर्ट. ९९२ पिढीच्या पोर्श ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या खाचांमध्ये आवाज टिपणारे सेन्सर आहेत. टायरने उडवलेल्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे गाडी ओळखते आणि वेट मोड लावायला सुचवते. तो मोड ॲक्सिलरेटर संथ करतो आणि ईएससी लवकर जागं करतो. गिअर एक वरचाच बरा: ओल्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये टर्बोचा जोर एकदम आला की मागची चाकं सुटतात. उतारावर मात्र खालचा गिअर हवाच, फक्त तो सरळ रस्त्यावर, वळणाआधी टाका.

रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर चालते, पण रुंद टायरच्या गाडीने तीन मिलिमीटरखाली आलेले टायर घेऊन मुळशीच्या पावसात जाऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे. आणि धुक्यात, दरडीखाली, धबधब्याशी थांबलेल्या गर्दीत कुठलाच मोड कामाला येत नाही. तिथे वेग हेच एक सेटिंग.

ईएससी बंद केल्याने गाडी जास्त चांगली वळते असं म्हणतात. खरं का?

रस्त्यावर नाही. स्टिअरिंग जिकडे वळवलं आहे आणि गाडी प्रत्यक्षात जिकडे फिरते आहे यांत फरक पडला की ईएससी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी ओळीवर आणतं. माणसाला चार चाकांचे चार ब्रेक वेगवेगळे दाबता येत नाहीत. बीएमडब्ल्यूचा एम डायनॅमिक मोड किंवा पोर्शचा पीएसएम (पोर्शची ईएससी) स्पोर्ट थोडी घसरण चालू देतात, पण तेही ट्रॅकसाठीच. एम गाड्यांत फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा मोड ईएससी पूर्ण बंद केल्याशिवाय लागतच नाही, यातच त्याची जागा कुठे आहे ते आलं. घाटात समोरून एसटी येत असते. तिथे घसरायला जागा नाही.

एक्सप्रेसवेवर काय ठेवावं?

कम्फर्ट आणि डी. इको चालेल, घाट येईपर्यंत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर कॅमेऱ्यांच्या नजरेखाली आहेत. सपाट भागात कारची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि बोरघाटात त्याहून कमी. शंभरच्या वेगाला आठव्या गिअरमध्ये इंजिन दोन हजार आरपीएमच्या आतच असतं. क्रूझ कंट्रोल लावून द्या. खंडाळ्याचा उतार लागण्याआधी क्रूझ काढा, एस किंवा एम लावा.

सकाळी गाडी सुरू केल्या केल्या स्पोर्ट लावला तर?

नका लावू. काट्यावर दिसतं ते बहुधा कूलंटचं तापमान. ते लवकर वाढतं, इंजिन ऑइल मागाहून गरम होतं आणि गिअरबॉक्सचं ऑइल त्याहूनही मागाहून. ऑइलचं तापमान दाखवणारं पान स्क्रीनवर असेल तर ते ऐंशी अंशांपर्यंत येऊ द्या, तोवर अर्ध्या आरपीएमच्या वर जाऊ नका. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांच्या आरपीएम मीटरवर थंड असताना मर्यादा खाली दिसते आणि ऑइल तापत जाईल तशी वर सरकते. जागेवर उभं राहून तापवण्यापेक्षा हळू चालवत तापवणं चांगलं, कारण त्यात गिअरबॉक्स आणि टायरही गरम होतात. डिसेंबरच्या पहाटे टायर विशेष गार असतात, पकड कमी असते.

लाँच कंट्रोल कुठे वापरता येईल?

लाँच कंट्रोल म्हणजे थांबलेल्या गाडीला पूर्ण जोराने सुटायला लावणारी सोय. ती फक्त बंद जागेत, परवानगीने. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट या त्यासाठीच्या जागा. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. बावधन बायपास ही ती जागा नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

यंत्राच्या दृष्टीने: इंजिन आणि गिअरबॉक्स गरम हवेत, चाकं सरळ हवीत. पद्धत बहुधा अशी की डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबायचा, उजव्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आरपीएम स्थिरावला की ब्रेक सोडायचा. त्या स्थितीत काही सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका आणि दोन लाँचमध्ये गाडीला थंड व्हायला वेळ द्या. काही गाड्या किती लाँच झाले याची नोंद ठेवतात, हेही माहीत असू द्या.

पहाटे निघताना सायलेन्सरचा आवाज सोसायटीला त्रास देतो. बंद करता येईल का?

झडप बंद ठेवून बराच कमी होतो. पण पहिल्या मिनिटभराचा घुमारा पूर्ण जात नाही. थंड इंजिन मुद्दाम जास्त आरपीएमवर फिरवून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवलं जातं, तेव्हाच धूर शुद्ध होतो. सुरू करा आणि लगेच हळूच बाहेर पडा, जिन्याखाली उभी ठेवू नका. मधली जाळी काढून सायलेन्सर मोकळा करणं बेकायदा आहे आणि वॉरंटीलाही भोवतं.

पेट्रोल साधं की जास्त ऑक्टेनचं?

टाकीच्या झाकणामागे लिहिलेला किमान आकडा पाळा. कमी ऑक्टेन असेल तर इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर स्पार्कची वेळ मागे घेतो. इंजिन वाचतं, पण स्पोर्ट मोड लावूनही पूर्ण जोर मिळत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. ९५ मागणाऱ्या गाडीत १०० घालून फार काही हाती लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं लागू होतं का?

सस्पेन्शन, ईएससी आणि टायरबद्दलचं सगळं जसंच्या तसं. गिअर बहुतेक गाड्यांत एकच असतो. पोर्श टायकॅनच्या मागच्या ॲक्सलला दोन आहेत. इंजिन ब्रेकिंगची जागा रीजन घेतं, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी मंदावून बॅटरीत वीज भरते. उतारावर ते वाढवा.

एक गोष्ट महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजनची वीज ठेवायला जागाच नसते आणि रीजन जवळजवळ लागत नाही. वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग करणार असाल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवा. उतरताना ती आपोआप थोडी भरेल आणि ब्रेकही थंड राहतील. इलेक्ट्रिक गाडी एकाच वेळी शांत आणि अतिवेगवान असते, म्हणून शहरात तिचं ॲक्सिलरेटर पॅडल सर्वांत संथ ठेवा.

घरातलं दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर?

त्यांच्यासाठी वेगळं प्रोफाइल बनवा: सगळं कम्फर्टमध्ये, ईएससी पूर्ण चालू. अनेक गाड्यांत वेगाची मर्यादा किंवा सूचना लावता येते. व्हॅले मोड (दुसऱ्याच्या हाती गाडी देताना तिचा जोर मर्यादित ठेवणारा) असेल तर हॉटेलमध्ये चावी देताना लावा. एक संपूर्ण रविवार सकाळी मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसून ब्रेक कसा लागतो, पॅडल किती दाबल्यावर गाडी किती झेपावते, हे त्यांना शिकवा.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती मात्र चावी नाही, सोसायटीच्या आवारातही नाही. कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, ते या शहराने पाहिलं आहे. कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

पोडियम पार्किंगच्या उतारावर पीमध्ये लावल्यावर गाडी थोडी सरकते आणि निघताना 'खट्' आवाज येतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. पीमध्ये गिअरबॉक्समधला एक लहानसा खटका दातेरी चक्रात अडकतो. नुसता पी लावून ब्रेक सोडला तर गाडीचा सगळा भार त्या खटक्यावर येतो, आणि निघताना तो सुटतो त्याचा तो आवाज. क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून थांबा, एन करा, हँडब्रेक लावा, ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी. निघताना आधी ब्रेक, मग डी किंवा आर, शेवटी हँडब्रेक. इलेक्ट्रिक हँडब्रेक पीबरोबर आपोआप लागत असला तरी उतारावर तो आधी स्वतः बटण ओढून लावा. असं करूनही आवाज येत राहिला तर गाडी दाखवून घ्या.